कोपऱ्यात मगभर पाणी

प्रिय दादा,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं, आतला फॉर्मही. 'वृद्धाश्रमातील कायम वास्तव्यासाठी जवळच्या नातेवाइकाची सही' असं जिथे छापलंय, तिथे तू पेन्सिलीने फुली मारून ठेवलीयस, मला शोधावं लागू नये म्हणून. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, तुझी फुलीसुद्धा मापात असते. फॉर्मचं शेवटी लिहितो. आधी आपल्या बाथरूमचं सांगायचंय. वाचून हसलास तर मला बरंच वाटेल.

वास गेला. तू इथे असताना ज्याने आम्हाला भंडावून सोडलं होतं, तो वास अखेर गेला. तू जाऊन चार महिने झाले, आणि तू गेल्यावरही तो तसाच होता, हे मी तुला फोनवर कधी सांगितलं नाही. पहिला महिना मी मनाची समजूत घातली, की मुरलेला वास आहे, जायला वेळ लागणारच. कुणाचा मुरलेला, ते मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हतो. दुसऱ्या महिन्यात मात्र माझी पंचाईत झाली. तू नव्हतास आणि वास होता.

मग मी कंबर कसली. बिस्किटांच्या कारखान्यात माझं पोट या नाकावरच चालतं, तुला माहितीय. तूप खवट झालंय का, हे मी दारातून सांगतो, आणि नव्याने लागलेल्यांना छाती फुगवून शिकवतो की कारण हाती लागेपर्यंत दोष कुणावर टाकायचा नाही. असा मी शहाणा! बेसिनखालची नळी उघडली, केसांचा बोळा निघाला, वास जिथल्या तिथे. कमोडच्या बुडाशी पांढरं सिमेंट भरलं. पायपुसणं फेकून दिलं. डांबराच्या गोळ्या टांगल्या, तर बाथरूमला जुन्या ट्रंकेचा वास यायला लागला आणि त्याच्यामागून पुन्हा तोच. शेवटी ही म्हणाली, "आता तुझं नाक पुरे, प्लंबरला बोलाव."

प्लंबर वयस्कर होता, बोलण्यात भारी काटकसर करणारा. त्याने माझ्या पराक्रमांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नळाखालच्या कोपऱ्यात वाकला, फरशीतली जाळी उचलली, आत टॉर्च मारला आणि विचारलं, "इथे आधी कोण आंघोळ करायचं?" तो म्हणाला, जाळीखाली वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी कायम साचून राहतं, आणि तेवढंच पाणी गटाराचा वास वर येऊ देत नाही. इथे कित्येक महिन्यांत पाणी पडलेलं नाही, नळी ठणठणीत कोरडी आहे. त्याने पाण्याचा मग भरून जाळीवर ओतला. आणखी एक ओतला. खिडकी उघडली आणि आम्ही बाहेर येऊन उभे राहिलो. दहा मिनिटांनी आत गेलो, तर माझ्या या नाकालाही काही सापडेना.

तिथे तूच आंघोळ करायचास. बुटक्या स्टुलावर बसून, बादलीतलं पाणी धबाधबा अंगावर घेत, अर्धं कोपऱ्यात सांडत. दोन वर्षं तू रोज सकाळी ती नळी भरत होतास आणि आमच्या घराला वास येत नव्हता. मग एकदा तुझा पाय घसरला. लागलं नाही, पण आम्ही घाबरलो. पलीकडे काचेआड शॉवर बसवला, धरायला दांडी लावली, तुझं स्टूल माळ्यावर टाकलं आणि फरशी कोरडी ठेवायची असा नियम केला. फिनाईलसुद्धा फडक्यावर घेऊन पुसायचो. कोपरा आटला. महिना-दीड महिन्यात वास सुरू झाला, आणि घरात म्हातारं माणूस कोण, एवढंच मी पाहिलं.

मग ती दारावरची पाटी. 'वापरानंतर दोन बादल्या पाणी टाकावे.' म्हटलं तर सगळ्यांसाठी, पण खरी कुणासाठी, हे न कळायला तू काही दूधखुळा नाहीस. चिकटवताना ती जरा वाकडी लागली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर सरळ. दादा, ती तू सरळ केलीस. आणि पुढे दोन-दोन बादल्या इमानाने कमोडमध्ये ओतत राहिलास. त्यातलं मगभर पाणी जरी त्या कोपऱ्यात पडलं असतं! नंतर तू पेपर वाचायच्या निमित्ताने सकाळी सकाळी वाचनालयात जायला लागलास, तिथला संडास वापरायला, तेही मला ठाऊक होतं. मी काणाडोळा केला. एक दिवस म्हणालास, "आश्रमात माझ्या वयाची चार माणसं आहेत, थोडे दिवस राहून बघतो." मी अडवलं नाही, उलट बॅग भरायला मदत केली.

परवापासून मला शाळेचं फाटक आठवतंय. आई-बाबा गेल्यावर तू मला न्यायला यायचास, तेव्हा तुझ्या हातांना टर्पेंटाइनचा वास यायचा आणि वर्गातली मुलं नाक दाबायची. मी तुला काही बोललो नाही, फक्त एकदा तुझ्या हातातून हात सोडवून पुढे पळालो. दुसऱ्या दिवसापासून तू रस्त्याच्या पलीकडे उभा राहायला लागलास. का पळालो, ते तू विचारलं नाहीस. या वेळीही काही विचारलं नाहीस. दोन्ही वेळा मला वाटलं, बरं झालं, तोंडाने सांगावं लागलं नाही. याची मला फार लाज वाटते.

आता फॉर्म. मी सही केलेली नाही. तू आश्रमात निघालास तेव्हा, बस सुटायच्या आधी मी तुझ्या कानाशी म्हणालो होतो, "हिला स्वच्छतेचं वेड आहे, मनावर घेऊ नकोस." तेव्हापासून तू फोनवर हिच्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीस. ही मला विचारते, दादा माझ्यावर रागावलेत का, आणि मी म्हणतो, छे, वय झालंय त्याचं. ते खोटं होतं, दादा. पाटी मी लावली. माझं अक्षर तू घोटून घेतलंयस, ते लगेच ओळखलं असतंस, म्हणून कारखान्यातून छापून आणली. ती पाहिल्या दिवशीच ही माझ्याशी भांडली होती, आधी ती काढ म्हणून. काल मी हिलाही सगळं सांगितलं. आज ती माझ्याशी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे. तुझं स्टूल खाली काढून, पायांना रबर बसवून कोपऱ्यात ठेवलंय, धरायची दांडी तिथेही लावून घेतलीय. रोज सकाळी त्या जाळीवर मगभर पाणी मी ओततो. सही तुला हवीच असेल तर इथे येऊन माग, तुझ्यासमोर करून देईन. पण त्याआधी एकदा त्या कोपऱ्यात बसून आंघोळ कर, आणि हवं तेवढं पाणी सांड.

तुझाच,
बारक्या