बारा नंबर बरोबर आला

अमरावती

प्रिय चंदाताई,

"रडाचं असन तं बाहेर जाऊन रड हर्षे, फुलं काळी पडते." शेवंतीचे हार ओवताना आई मला म्हणाली होती, आठवतं? तू हसलीस, मीही हसले, आणि ओसरीवर जाऊन डोळे पुसून आले. हल्ली ते वाक्य रोज कानात येतं.

मागच्या वर्षी मला पहाटे फुलं तोडायला उठवेना. रक्त तपासलं, तर बी-ट्वेल्व्ह फार कमी. डॉक्टर म्हणाले, यानंही मन उदास होऊ शकतं. खरं सांगते, मला केवढं बरं वाटलं! माझ्या उदासीला घरात बसायला पाट मिळाला. ह्यांनी तर अभिमानानंच सगळ्यांना सांगितलं, "आपण माळकरी, अंडंसुद्धा नाही खात, कमी होईनच ना." सासूबाई फुलबाजारात सांगत सुटल्या, "सुनेले काही नाई झालं, बारा नंबर कमी हाये." त्यावर शेजारच्या जमुनाकाकू, "माहा तं त्याहून कमी हाये!"

इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. पायांच्या मुंग्या गेल्या, दम लागायचा थांबला. आता मनही उठेल, म्हणून मी वाट पाहत राहिले.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं. बारा नंबर अगदी बरोबर आला. ह्यांनी पेढे आणले. मी पेढा तोंडात धरून उभी राहिले, गिळवेना. आता कशाचं नाव सांगू?

मळ्यात अजून जाते. फक्त विहिरीवरची मोटर सुरू करायला सासूबाईंना पाठवते. त्या म्हणतात, आळशी झाली. म्हणू देत. तिथं मी एकटी जात नाही, हे कोणालाच सांगितलेलं नाही.

डॉक्टरांनी आता मनाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. इथं निम्मं शहर आमच्याकडून हार नेतं, म्हणून तुझ्याकडे अकोल्याला यावं म्हणते. तुझ्या प्रणालीचं लग्न बाळापूरला जमत आलंय. तिची मावशी त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर दिसली, तर पाहुणे फिरतील, हेही कळतं. "अक्षता पडू दे, मग पाहू," असंच तू म्हणशील, आणि तुझं चुकतं असं मला म्हणवत नाही. पण ताई, तेवढं थांबणं माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीनं येते. तोंडाला दुपट्टा बांधीन. तू आत येऊ नकोस, नुसती बाहेर बाकावर बस. बसशील?

तुझीच,
हर्षा