काळ्या दगडावरचे तीन पट्टे

तीर्थरूप संगप्पामामांच्या चरणी, चाकूरजवळच्या दुष्काळातून भाचा पंचाक्षरीचा शरणार्थ. उदगीरला तुमचे गुडघे आणि होलसेलचं दुकान दोन्ही नीट चालत असावीत. इकडे माणसं खुशाल, विहिरी तेवढ्या आजारी.

लातूर जिल्हा झाल्यापासून साहेब लोक वरचेवर येतात (पाऊस अजून उस्मानाबादच्याच कार्यालयात अडकला असावा). गेल्या आठवड्यात भूगर्भाचे साहेब आले, हातोडी आणि भिंग घेऊन. त्यांना माळ दाखवायचं काम सरपंचांनी माझ्यावर टाकलं, कारण माझ्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ते दिवसभर दगड फोडत होते आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे. आपला माळ म्हणे जमिनीतून उसळलेल्या तापल्या रसाचा. थरावर थर पसरत गेले, तेव्हा माणूस जन्मलाही नव्हता. (यावर शेषेराव पाटलांनी विचारलं, मग तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर होता?) ओढ्याच्या काठाला दोन थरांमधली लाल माती दिसली, तेव्हा साहेब सोयरीक जमल्यासारखे हसले. पाणी असलंच तर तिच्याखालच्या भोकाभोकाच्या दगडात, म्हणाले. बोअर कुठे घ्यायचा ते कळावं म्हणून त्यांनी जवळच्या काळ्या उभ्या दगडावर चुन्याचे तीन आडवे पट्टे ओढले आणि जीपमध्ये बसले.

मामा, आपल्या लिंगायतांच्या गावात असं करतात का? सकाळी आई सरपणाला गेली, आणि विभूती लावलेला महादेव बघून तिथेच बसली. दुपारी बेल, संध्याकाळी दिवा, दुसऱ्या दिवशी शेजारच्या नागम्माचं भजन. मी चुना, चुना म्हणून ओरडलो, तर लोकांनी मला नास्तिक ठरवलं. बोअरची गाडी आली ती बाभळीखाली उभी आहे (ड्रायव्हरही नारळ फोडून आला). बाजूला सरकून घ्यावा, तर साहेब म्हणतात तिथे दगड अखंड आहे, थेंब लागणार नाही.

आपला,
पंचाक्षरी

ता. क. : गाडी सोमवारी हदगावला जाणार. मग यंदा पाणी विसरायचं. काल आईला एकटीला गाठून समजावलं. ती म्हणाली, "चुनाच हाय ते, मला बी कळतंय. पर गाडी लावली अन् कोरडं निघालं तर? आता निदान आस तरी हाय." पण आई तुमच्या शब्दाबाहेर नाही. रविवारच्या आत या आणि देवाला चार हात शेजारी बसवा.

ता. क. दुसरा : नारळाचं पोतं मात्र तुमच्या आधी पोचू द्या. दुकानातले संपलेत, आणि तुम्ही आल्यावर ते घेणार कोण?