कोड मेलवर पाठवला आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठं काम अंगावर घेतलं की नोंदी ठेवाव्यात.
काम असं: आमचे एकसष्ट लोक घरून लॅपटॉपवर काम करतात. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायला प्रत्येकाला नऊ पायऱ्या कराव्या लागतात. त्या मीच बनवल्या, सहा वर्षांपूर्वी. लोक सातव्या पायरीवर अडकतात आणि मला फोन करतात. आता नवी पद्धत. घरबसल्या, एका क्लिकमध्ये आत.
साहेब म्हणाले, सतरा तारखेपर्यंत करा, नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला देतो, मग तुमचं काय करायचं ते बघावं लागेल. हसत म्हणाले. गंमत असावी.
बायकोला सांगितलं नाही. उगाच काळजी करते.

५ मार्च, बुधवार.
एका क्लिकचे दोन झाले. पहिल्या खेपेला ओळख पटवायला सहा आकडी कोड हवा. फोनवर पाठवणार होतो, पण ऑफिसच्या नोंदीत निम्म्या लोकांचे नंबर जुने. म्हणून कोड ऑफिसच्या मेलवर. मेल सगळ्यांकडे असतोच. कधी कधी स्वतःचंच कौतुक वाटतं.
ऑफिसात बसून पाच वेळा चाचणी घेतली. पाचही वेळा पास.

७ मार्च, शुक्रवार.
नऊ पानी सूचनापत्रक तयार. गोडाऊनचा हिशेब बघणाऱ्या बाईंचा फोन. म्हणाल्या, भाऊ, जुनं थोडे दिवस चालू राहू द्या ना. मी समजावलं की दोन रस्ते ठेवले तर लोक जुन्यानेच जातात. त्या हं म्हणाल्या. त्यांना तांत्रिक बाजू कळत नाही, पण स्वभावाने चांगल्या आहेत.

१० मार्च, सोमवार.
८.०० घरून, चहा पिता पिता जुना रस्ता बंद केला.
८.०५ सूचनापत्रक ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रवाना.
८.४० अकरा फोन. सगळ्यांचं एकच, कोड कुठे आहे? मेलवर आहे, म्हणालो. मेल उघडत नाही, म्हणतात. कुणी नीट वाचतच नाही.
९.१० स्वतः करून पाहिलं. कोड मेलवर गेला. मेल उघडत नाही.
९.१५ मेल ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे. तो बाहेरून उघडणं मीच बंद केलं होतं, सुरक्षिततेसाठी. म्हणजे आत शिरायला कोड हवा, आणि कोड आत आहे.
९.१६ घाबरायचं कारण नाही.
९.३० ग्रुपवर ‘सर्व्हरवर ताण आहे, धीर धरा’ असं कळवलं. एका अर्थी खरंच आहे. ताण आहेच.

११ मार्च, मंगळवार.
ऑफिसात जाऊन जुना रस्ता पुन्हा सुरू करणं वीस मिनिटांचं काम. पण ऑफिसात साहेब बसलेले असतात. शिवाय ‘ऑफिसात न येता’ ही माझ्या योजनेची मुख्य ओळ. मीच गेलो तर लोक काय म्हणतील? तोडगा घरूनच काढायचा. तत्त्वाचा प्रश्न आहे.
साहेबांचे तीन फोन. घेतले नाहीत. काम चालू असताना बोलू नये.

१२ मार्च, बुधवार.
तोडगा नाही. फोन बंद ठेवला, लक्ष लागावं म्हणून.
जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का. डोकं दुखतंय म्हणालो. मुलीने दारातूनच विचारलं, “बाबा, तुम्ही ऑफिसात का जात नाही?” मी तिच्यावर ओरडलो. काही कारण नव्हतं.
खूप भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. बावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार? कागदावर नऊ पायऱ्या बनवता येतात, एवढंच माझ्याकडे आहे.

१३ मार्च, गुरुवार.
फोन चालू केला. साहेबांचा एकही फोन नाही. म्हणजे राग निवळला. माझ्यावर भरवसा टाकून ते गप्प राहिलेत. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१४ मार्च, शुक्रवार.
गोडाऊनच्या बाई शिक्का न्यायला ऑफिसात गेल्या होत्या. लॅपटॉपला तिथली वायर लावली तर मेल उघडला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: ‘एकदा ऑफिसात या. वायर लावा, मेलमधला कोड टाका. मग घरून एका क्लिकवर होतं. भाऊंनी छान केलंय.’
चार वाक्यं. खाली सत्तेचाळीस अंगठे.
तरी मी म्हणतच होतो, पद्धतीत दोष नव्हता. किरकोळ ठिकाणी माशी शिंकली होती. सोमवारी मुदतीत काम पूर्ण. साहेबांना तसं तोंडी सांगेन.

१७ मार्च, सोमवार.
ऑफिस. दारापासून जिन्यापर्यंत रांग, प्रत्येकाच्या काखेत लॅपटॉप. मीही उभा राहिलो. कुणी मला पुढे जाऊ दिलं नाही.
टेबलापाशी गोडाऊनच्या बाई वायर धरून बसल्या होत्या. “या भाऊ, बसा,” म्हणाल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.
मेल उघडला. कोड होता. त्याच्या वर साहेबांचे दोन मेल.
पहिला ११ तारखेचा. ‘तुम्ही फोन घेत नाही, मेल तरी वाचत असालच. अडलं असेल तर मोकळेपणाने सांगा. महिनाभर मुदत वाढवून देतो. बाहेरचं कुणी आणायची माझी इच्छा नाही. गुरुवारपर्यंत दोन ओळी लिहा.’
दुसरा १४ तारखेचा. ‘उत्तर आलं नाही. बाहेरच्या कंपनीची माणसं सोमवारी दुपारी येतील. त्यांना सगळं समजावून द्या, आणि नंतर मला भेटा.’
मागच्याने विचारलं, मिळाला का कोड. मिळाला म्हणालो, आणि खुर्ची रिकामी करून दिली.