हैबती पोतदाराची सुई

मी, हैबती धोंडू पोतदार, वय ७१, धंदा सोनारकाम, राहणार पोलादपूर, डोके ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. हाताचे मुद्दाम लिहिले; त्याच्यावर तालुकाभर बोलून झाले आहे.

१. पेठेतील घर व दुकान मुलगी उज्वला हिला. तिने ते विकून प्रयोगशाळेत ओतू नये. वेडालाही माप असावे.

२. ऐरण, चिमटे आणि कान टोचायची सुईही तिलाच. याच सुईने मी १९७७ साली तुडीलला बहीण सगुणाच्या सव्वा महिन्याच्या राजेंद्रचे कान टोचले. रक्त चार दिवस थांबेना. पोर गेले. सगुणा म्हणाली, "दादा, तुझ्या हातान गेला रे." त्यानंतर ती माझा उंबरा चढली नाही, आणि कान टोचायला कोणी मला बोलावले नाही.

पुढे तिच्या लेकीच्या मुलाला, सुनीलला, दात येताना तसेच रक्त वाहिले. उज्वलाने तपासणी करवली. हिमोफिलिया. रक्त गोठवणारे जनुकच आईकडून बिघडलेले येते. दोष सुईचा नव्हता. सगुणाचाही नाही, हे मी येथे ठासून लिहितो.

आता उज्वला पुण्यात जनुकातली ती बिघडलेली जागा शोधून नेमकी कापणारे हत्यार घडवते. त्यात जस्त असते म्हणे! सांधा झाळताना मीही जस्तच वापरतो. सध्या ते बशीतल्या पेशींवर चालते. सुनीलपर्यंत पोचायला वर्षे लागतील. लागू देत. इतके बारीक काम आमच्या सात पिढ्यांत कोणी केले नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो.

३. "हैबतीची सुई पोरं खाते" हे ज्याने दासगावपर्यंत पोचवले, त्या मुरारी शेट्यास माझे भिंग. नीट बघून बोलावे.

४. राजेंद्रसाठी घडवलेल्या सोन्याच्या बाळ्या सगुणाला.

हे कलम रद्द. काल भाऊबीजेला, एकतीस वर्षांनी, ती ओवाळायला आली. मी कलम वाचून दाखवले. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, हा वकिलांचा सल्लाही सांगितला. ती म्हणाली, "मग नाय पायजेत मला बाळ्या. खोड ते. दादाचा दोष नव्हता, ह्याला साक्षी मी ऱ्हानार. हीच माझी ओवाळणी."

बाळ्या सुनीलला. हत्यार तयार होईपर्यंत डबीतच ठेवाव्यात.

पोलादपूर, ३१ ऑक्टोबर २००८
(सही) हैबती धोंडू पोतदार

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. भागोजी रामजी साळवी, शिक्षक, महाड (सही)
२. सगुणाबाई नाथू देवरुखकर, तुडील. लिहिणाऱ्याची बहीण. (डाव्या हाताचा अंगठा)