ह्यांच्या नावाचा बाक

हॅरो, लंडन, मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

आज दुपारी पहिल्यांदाच ह्यांच्याशिवाय मीटिंगला गेले. आमचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, कुठे खर्च होतो यावर लक्ष ठेवणारी रहिवाशांची समिती. हे प्रश्न विचारायचे, मी शेजारी बसून विणायचे. इतक्या वर्षांत तिथे एक शब्द बोलले नाही.

अध्यक्ष मार्गारेटबाई म्हणाल्या, मिस्टर काळ्यांच्या आठवणीसाठी कौन्सिलने पार्कमध्ये बाक ठेवावा. तळ्यापाशी. फिरताना आम्ही थांबायचो तिथेच, ह्यांच्या नावाचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तो बाक किती हवा होता!

तरी माझा हात वर गेला. "खर्च कोणाचा?" मी विचारलं. ह्यांचा नेहमीचा प्रश्न. मागच्याच वर्षी एका नगरसेवकाच्या नावाच्या बाकाला ह्यांनी याच खोलीत विरोध केला होता. लोकांच्या पैशातून कोणाचंही नाव नको म्हणून.

"कौन्सिलचा, डियर," मार्गारेटबाई गोंधळल्या.

"देन नो, थँक यू."

मार्गारेटबाईंनी पुढचा विषय घेतला. बरोबर केलं का मी?

शिल्पाला फोन केला तर ती आधी रडली, मग हसली. "आई, बाबा पण ना! गेल्यावरसुद्धा कौन्सिलशी भांडतात." मग म्हणाली, "आपण देऊ ना पैसे." बघू म्हटलं.

येताना तळ्यावरून आले. बसायला काहीच नाही तिथे. नेहमीसारखी डावीकडे जागा सोडून थोडा वेळ उभी राहिले.