दार उघडं ठेव

सना शहर, १ ऑक्टोबर १९६२
राजाची गादी गेली! रेडिओवर दिवसभर तेच — प्रजासत्ताक, प्रजासत्ताक. आणि मुतह्हर मंत्री झाले. टोळ्यांचं खातं. सासूबाई म्हणाल्या, "मंत्री झालास तरी वेळेवर जेव रे बाबा."

पहिला हुकूम यांनीच काढला — ओलीस बंद. दर टोळीच्या शेखाने एक मुलगा राजाच्या गडावर ठेवायचा. बाप फिरला की मुलाचं काही खरं नाही. मुतह्हरचं सगळं लहानपण त्या गडावर गेलं. अजून बंद खोलीत झोप येत नाही त्यांना. लग्नानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य — "दार उघडं ठेव." मी लाजेनं मेले होते!

आज गडावरची पोरं घरी गेली. मुतह्हर जिन्यात बसून रडले.

२० ऑक्टोबर
बाबा आले. बाबा, म्हणजे शेख गालिब, कुणाच्या बाजूचे, हे सरकारला कळायला हवं होतं. बैठकीत दोघं कातची हिरवी पानं चघळत बसले, मी पडद्याआड.

"मामा, शब्द द्या. मला तेवढं पुरे."

बाबांनी कमरेचा खंजीर काढून यांच्यापुढे ठेवला. आमच्यात शब्दाला तारण खंजिराचंच. "राजाला पोटचा पोरगा लागायचा. तुमचं सरकार बरंच स्वस्तात पटतं हो, जावईबापू!"

मुतह्हर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. खंजीर मी फडताळात जपून ठेवला.

९ नोव्हेंबर
मंत्रिमंडळात सगळे यांच्यावर तुटून पडतात. "शेख दिवसा आमचे, रात्री राजाचे. पोरं सोडून दिलीस, आता शेखांना ताब्यात ठेवायचं कशाच्या जोरावर?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोरंच धरायची तर राजा काय वाईट होता?"

जेवले नाहीत. ताटातलं रोटी कुस्करून केलेलं फतूत तसंच गार झालं.

१० नोव्हेंबर
खंजीर रोज पुसते. गंजायला नको.

३ डिसेंबर
बाबा राजाला मिळाले. घाटात सरकारी शिपाई मारले गेले, त्यात आमच्या टोळीची माणसं होती म्हणे. राजाची फौज आमच्या गावावरच्या कड्यावर बसली आहे. नाही म्हणाले असते तर गाव जाळलं असतं. इकडे आड तिकडे विहीर! पण बाबा, खंजीर इथे आहे ना तुमचा? रिकाम्या कमरेनं चारचौघांत कसे बसाल?

सासूबाईंनी आज माझ्या हातचा किशर, कॉफीच्या सालांचा काढा, घेतला नाही.

५ डिसेंबर
भाजीवालीबरोबर बाबांचा निरोप आला. "मंत्र्याला सांग, माझी लेक त्याच्या घरात आहे हे मी विसरलेलो नाही."

मला भरून आलं. यांना जसाच्या तसा सांगितला. वाटलं, बाबा अजून आपले आहेत हे यांना कळेल, सभेत बोलायला आधार होईल.

मुतह्हर म्हणाले, "तकिय्या, आज सगळे मंत्री हेच म्हणाले. शेखाची लेक तुझ्या घरात आहे."

मूर्ख मी. मूर्ख!

६ डिसेंबर
मुतह्हर दिवसभर जिन्यात बसून असतात.

८ डिसेंबर
सकाळी सासूबाईंनी स्वतः किशर करून आणला. माझं अंथरूण, कुराण, ही वही — सगळं वरच्या खोलीत नेलं. "थोडे दिवस, पोरी."

मुतह्हर उंबऱ्याशी उभे होते. माझ्याकडे बघितलं नाही. दार ओढलं, बाहेरून कडी घातली. पावलं खाली गेली नाहीत. दाराला टेकून बसलेत. रडतात ते ऐकू येतंय.