कमानीवरचं विमान

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज नोंद. मोजकं लिहायचं. भावना नकोत.

विषय असा. उंब्रजजवळच्या आमच्या गावात नवी कमान होते आहे, तिच्यावर पत्र्याचं विमान बसणार आहे. शेजारच्या गावाने कमानीवर तोफ बसवली म्हणून आपलं विमान. गावात घरटी एक माणूस फौजेत, पण विमानदलात गेलेले एकटे आमचे वडील. तात्या. दुसऱ्या महायुद्धात बर्मा आघाडीवर लढाऊ विमानं दुरुस्त करायचे. तेव्हा मान आमच्या घराचा, हे ठीक. पण विमान कोणतं?

स्पिटफायर. मला लहानपणापासून माहीत आहे. माझा धाकटा भाऊ लालासाहेब म्हणतो हरिकेन. लालासाहेब दहावी, सुभेदार म्हणून रिटायर. मी बी.एस्सी. फिजिक्स, १९७७, नंतर एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज, शेवटची बारा सुपरवायझर. विषय इथेच संपायला हवा होता.

संपला नाही. भाऊबीजेला मी म्हणाले की हरिकेन हा कंदील असतो. तो म्हणाला की आक्का, तुला सगळंच म्हाईत असतंय, तर मग तात्या आमाला कशाला सांगत बसले. मी ताटावरून उठले. उठताना म्हणाले की तू हरिकेन चढवलंस तर त्या कमानीखालून मी पाऊल टाकणार नाही. गावात शिरायचा रस्ता तो एकच आहे. हे एसटीत बसल्यावर लक्षात आलं.

उद्घाटन २६ जानेवारी. पंचावन्न दिवस. उपाय: एक चांगला संदर्भग्रंथ. पान उघडायचं, बोट ठेवायचं, निघायचं. आठवड्याचं काम.

४ डिसेंबर, बुधवार
मी राहते त्या साताऱ्यातलं वाचनालय. 'विमान' या विषयाखाली तीन पुस्तकं. एक एअर होस्टेस कसं व्हावं, एक युरोपची सहल, एक कागदाच्या घड्यांचं. तिसरं चाळलं. त्यातही स्पिटफायर नाही. ग्रंथपालाला सांगितलं की ही स्थिती लाजिरवाणी आहे. तो म्हणाला सूचना वहीत लिहा. सूचना वही बेचाळीस पानी आहे. पहिली अकरा पानं माझीच.

७ डिसेंबर, शनिवार
ऑनलाइन पुस्तक मागवलं. मुखपृष्ठावर मोठं स्पिटफायर, तेच नाव. १२० पानं. बुधवारी येणार. उगाच महिना घाबरले.
लालासाहेबचा फोन नाही. भाऊबीजेपासून नाही. बरंच आहे. एकाग्रता राहते.

११ डिसेंबर, बुधवार
आलं. आत पानं कोरी आहेत. रेघा आखलेली वही निघाली. तसं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. बारीक अक्षरात का लिहावं?
ही नोंद त्याच वहीत. कागद बरा आहे.

१४ डिसेंबर, शनिवार
मंगलने, म्हणजे लालासाहेबच्या बायकोने, तात्यांचा बर्मातला फोटो मोबाइलवर पाठवला. चोरून. हा एकच फोटो आहे आणि तो त्याच्याकडे. तात्या विमानाखाली उकिडवे बसले आहेत, दोन्ही बाजूंना दोन चाकं. विमानाचं नाक नाही, शेपटी नाही, पंख जेमतेम. फोटो काढणाऱ्याला तात्या महत्त्वाचे वाटले असावेत. पुरावा म्हणून फोटो निकामी.

खाली मंगलचा मेसेज. आक्का, ह्यांना सांगू नगा. ह्ये रोज जेवताना इचारत्यात, आक्काचा फोन आलता का. मी न्हाई म्हणते, मग दुसरी भाकरी घेत न्हाईत.
मंगलला विषय धरून बोलता येत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार
सांगली. सकाळची एसटी. जुन्या पुस्तकांच्या दुकानात विमान म्हटल्यावर मालकाने विमान तिकीट बुकिंगच्या कोर्सचं गाइड काढलं. मी नको म्हणाले तर म्हणाला की बाई, ह्यात बी नोकरी लागती.

तिथून रिक्षाने कुपवाड. विमान बनवणारा बिराप्पा तिथे पाण्याचे टँकर बनवतो. टँकर खरंच उत्तम आहेत. विमानाचं धड तयार होतं, बारा फुटी, पंख बाकी. मी स्पष्ट सांगितलं की स्पिटफायरचा पंख पानासारखा गोलसर असतो, हरिकेनचा जाड आणि बोथट. बिराप्पा म्हणाला की आक्का, मला दोनीबी सारखीच, टँकरला पंख लावायचं हाय एवढंच. तुमी भावाबहिणीनं काय ते ठरवा. पंधरा जानेवारीला मी पंख कापायला घेनार, त्यापुढं देव आला तरी थांबत न्हाई.

मग म्हणाला की तुमच्या भावानं मागच्या अंगाला कापड दाखवाय सांगितलंय. पत्र्यावर टाके उठवायचं. त्यांचं वडील म्हणं इमान शिवायचे.
मी तिथेच हसले. विमान धातूचं असतं. धातू शिवत नाहीत. बिराप्पा म्हणाला, मीबी हसलो आक्का, पर सुभेदार हसले न्हाईत.

२९ डिसेंबर, रविवार
मुंबईच्या एका विक्रेत्याकडून जाडजूड स्पिटफायर आलं. या वेळी छापलेलं. पोलिश भाषेत.
हरकत नाही, आकृत्यांना भाषा नसते. आकृतीत चाकं एकमेकांच्या फार जवळ आहेत. फोटोत तात्या दोन चाकांच्या मधे बसले आहेत आणि दोन्हीकडे भरपूर जागा उरली आहे.
तात्या त्या काळात फार बारीक होते.

३१ डिसेंबर, मंगळवार
एकूण: दोन वाचनालयं, एक दुकान, चार ऑनलाइन ऑर्डरी. आल्या त्या: एक वही, एक पोलिश, एक मुलांचं रंगवायचं, एक मोटारीचं. त्या नावाची मोटारही होती. लोक नावं देताना विचार करत नाहीत.
नव्या वर्षाचे संकल्प. आवाज चढवायचा नाही. लालासाहेबबद्दल विचार करायचा नाही, फक्त विमानाबद्दल. दोन्ही आजपासून.
दूधवाल्यावर आवाज चढला. संकल्प उद्यापासून.

५ जानेवारी, रविवार
शेवटी! पाचगणीत विश्वजित सर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे या दोनच विमानांची दोन फळ्या भरून पुस्तकं. फोन केला. गुरुवारी या म्हणाले. तात्यांचा फोटो आणि विमानदलातल्या डिस्चार्जचा कागद घेऊन या म्हणाले. कागद माझ्याकडे आहे. तो मी लालासाहेबला देत नाही.
मी विचारलं पुस्तकं विश्वासार्ह आहेत ना. म्हणाले, या विषयावर याहून चांगली मिळणार नाहीत. असाच माणूस हवा होता.

९ जानेवारी, गुरुवार. पाचगणी
११.२०. पुस्तक पाहिलं. दोन किलो तरी असेल. इंग्रजी, आकृत्या, फोटो, कुठल्या स्क्वॉड्रनकडे कधी कोणतं विमान याच्या याद्या. तीस वर्षं फाइली पाहिल्या आहेत, चांगलं काम बघून कळतं.

११.४०. मोबाइलवरून छापून नेलेला तात्यांचा फोटो सरांनी भिंगाखाली धरला. चाकं लांब लांब म्हणजे हरिकेन. चाकांच्या मधे पोटाखाली जी पेटी दिसते ती रेडिएटर. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली असतात. मी विचारलं, भिंग बरोबर आहे का.

१२.०५. सरांनी दुसरं पान काढलं. हरिकेनचं मागचं अंग धातूच्या पत्र्याचं नव्हतंच. लाकडी पट्ट्यांवर कापड ताणून शिवायचे, वर लेप द्यायचे. गोळी लागली की मेकॅनिक ठिगळ लावायचे. फोटोत एक माणूस सुई-दोरा घेऊन विमानाला टाके घालतो आहे. मी ते पान बराच वेळ पाहिलं. तात्यांनी घरातलं पोतंसुद्धा किती एकसारखं शिवलेलं असायचं.

१२.३०. तात्यांच्या स्क्वॉड्रनला स्पिटफायर मिळालं होतं! यादीत आहे! मग सरांनी डिस्चार्जच्या कागदावरची तारीख वाचली. मलेरियाने तात्या घरी आले त्यानंतर तीन महिन्यांनी मिळालं.
मी म्हणाले, छपाईची चूक असेल. सर म्हणाले, असू शकेल, पण चारही पुस्तकांत एकच चूक होणं अवघड. चहा चांगला होता.

पुस्तक त्यांनी बरोबर दिलं. म्हणाले, वाचून झालं की पाठवा. पसरणी घाट उतरताना ते पान पुन्हा काढलं. बदललं नव्हतं.

१० जानेवारी, शुक्रवार. सकाळी ५
निर्णय. लालासाहेबला फोन. एक वाक्य: तुझं बरोबर होतं. एक्स्चेंजमध्ये मी पूर आणि भूकंपाच्या बातम्या दिल्या आहेत. हे तर तीन शब्द.

सकाळी १०
फोन मंगलने उचलला. मी विचारलं उसाला तोड आली का. आली म्हणाली. ठेवला.

१२ जानेवारी, रविवार
फोनपेक्षा पत्र बरं. चार मसुदे. पहिल्यात त्याचं दहावीचं गणित आलं. दुसऱ्यात भाऊबीजेची आमटी. तिसरा ओला झाला. चौथा चांगला उतरला, दीड पान, कुठेही खाडाखोड नाही. पोस्टात टाकला. घरी येऊन कच्चा खर्डा वाचला. मूळ मुद्दा घालायचा राहिला आहे. तब्येतीची काळजी घे एवढंच आहे.

१५ जानेवारी, बुधवार
बिराप्पाला फोन. मी म्हणाले की माझ्या भावाचं ऐका, हरिकेनचेच पंख लावा. तो ओरडून म्हणाला की आक्का, पंख सकाळीच कापलं, आता ग्राइंडर चालू हाय, काय ऐकू येईना, मागनं फोन करा. ठेवला.
म्हणजे लालासाहेबच्या सांगण्यावरून कापले. म्हणजे हरिकेनच. प्रश्न मिटला. आता कबुली वगैरेची गरज नाही. मी जाऊन उभी राहीन, त्यातच त्याने काय ते समजून घ्यावं.

२० जानेवारी, सोमवार
लालासाहेबचं निमंत्रण. छापील. खाली पेनने: आक्का ये. बाकी काही नाही.
प्रतिज्ञा तपासून पाहिली. तू हरिकेन चढवलंस तर, असे शब्द होते. चढवणार क्रेनवाला आहे. अडचण नाही.

२६ जानेवारी, रविवार. रात्री
सकाळी नऊला उंब्रजला उतरले, रिक्षाने गावात. पिशवीत विश्वजित सरांचं पुस्तक. गरज पडली तर त्याच्या हातात द्यायचं, बोलावं लागणार नाही. लालासाहेब फेट्यात उभा होता. त्याने माझी पिशवी घेतली, म्हणाला की आक्का, दगडं भरून आणलीस का काय. मी म्हणाले वजन उचलायची सवय मोडली का. एवढ्यावर दोघंही थांबलो.

मग पडदा ओढला.

पंख गोल. पानासारखे, दोन्ही बाजूंना सारखे निमुळते. खाली लाल अक्षरात: स्पिटफायर. सरपंच माइकवर म्हणाले की आपल्या गावाच्या कन्या विजयमाला आक्कांनी सखोल अभ्यास करून हे विमान शोधून काढलं, म्हणून ते जसंच्या तसं हाय. मला शाल घातली. बिराप्पाला नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत होते.

लालासाहेबला जनरेटरच्या मागे नेलं. तिथे आवाज होता, बरं पडलं. मी म्हणाले की पंख चुकलेत. तुझं बरोबर होतं. हरिकेनच होतं.
तो म्हणाला, मला म्हाईत हाय.
मी म्हणाले, मग हे काय केलंस.
तो म्हणाला की तू म्हणलीस कमानीखालनं येनार न्हाई. मी बिराप्पाला म्हणलं गोल कर बाबा पंख. तात्या आता काय बघाय येत न्हाईत. तू यायची व्हतीस.
मग तो फेटा नीट करत म्हणाला की मागचं कापड तेवढं ठिवलंय, ते मी सोडलं न्हाई.

बाहेर येऊन पाहिलं. खरंच. मागच्या अंगावर पट्ट्या उठवल्या आहेत आणि पत्र्यावर बारीक ठोके मारून टाके काढले आहेत, एकसारखे. पुढून स्पिटफायर, मागून हरिकेन. असं विमान जगात कुठेही उडालेलं नाही.
दुपारी जेवायला थांबले. त्याने दोन भाकरी खाल्ल्या.

२७ जानेवारी, सोमवार
सकाळी सातला लालासाहेबचा फोन. विषय ऊस. अकरा मिनिटं.

आठला गावच्या शाळेच्या हेडमास्तरांचा फोन. कमानीखाली माहितीचा फलक लावायचा आहे, स्पिटफायरची आणि तात्यांची संपूर्ण माहिती, आणि ती आक्कांनीच लिहावी असं गावाचं म्हणणं आहे. शिवाय आठ फेब्रुवारीला तीन शाळांची मुलं ऐकायला येणार आहेत. मी हो म्हणाले. मागे लालासाहेबचा आवाज होता, आक्काशिवाय कुणाला जमतंय.

विश्वजित सरांचं पुस्तक पार्सल करून परत पाठवलं.

दहाला वाचनालयात गेले. ग्रंथपालाला सांगितलं की स्पिटफायरवर एखादं चांगलं पुस्तक हवं आहे. त्यात चाकांचे फोटो नसावेत आणि तारखा शक्यतो कमी असाव्यात.